रजेवरचे अब्बा आणि मुन्सियारीचा रस्ता

मे महिना म्हणजे आमच्याकडे आंब्यांचा, लग्नांचा आणि रजेचा महिना. रायगडच्या किनाऱ्यालगतच्या आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात एक तरी माणूस आखातात असतोच, आणि त्याची वर्षाची रजा शक्यतो मेमध्ये पडते, कारण लग्नं तेव्हाच असतात. माझा नवरा इरफान कुवेतला एका रिफायनरीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे. मी आमच्या बारा वर्षांच्या मुलीबरोबर, सनाबरोबर, नावड्याच्या कॉलनीत राहते आणि कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्यांचं बुकिंग बघते. सासूबाई, म्हणजे अम्मी, म्हसळ्याकडे गावी असतात.

रजेचा महिना कसा जातो ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. आधी बॅगा उघडायच्या, अत्तर, बदाम, साबण, चॉकलेटं यांच्या पिशव्या करायच्या, मग गावी जाऊन घरोघर सलाम करून यायचं. एका घरी जेवलात आणि दुसऱ्या घरी नाही, असं चालत नाही. चुलते, मावश्या, शेजारी, मित्राचे सासरे, सगळे बिर्याणी करून वाट बघत बसलेले. त्यात लग्नं. शेवटच्या आठवड्यात पोट बिघडतं आणि परतीचं विमान येऊन उभं राहतं.

या सगळ्यात एक नियम आहे, जो कुणी सांगत नाही पण सगळे पाळतात. रजेवर आलेल्या माणसाला कटकट सांगायची नाही. नळ गळत असेल, शाळेतून तक्रार आली असेल, सासू-सुनेचं वाजलं असेल, ते तो यायच्या आधी मिटवायचं किंवा तो गेल्यावर काढायचं. पोरांनाही लहानपणापासून तेच ऐकवतो, की अब्बा दमून आलेत, त्यांना त्रास देऊ नको. सना हे इतकं नीट शिकली की मला भीती वाटायला लागली. वडिलांपाशी ती कधी हट्ट करत नाही, रुसत नाही. त्याने आणलेला ड्रेस दोन वर्षांनी लहान असला तरी, "छान आहे अब्बा, थँक यू." काही हवं असेल तर माझ्या कानात येऊन सांगणार. मागे इरफानने काँट्रॅक्ट वाढवल्याचं व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ओके अब्बा, टेक केअर," आणि फोन माझ्या हातात देऊन गणितं करायला बसली. माझी मुलगी बापाशी एखाद्या चांगल्या पाहुण्याशी वागावं तशी वागत होती, आणि अजून चार वर्षांत ती कॉलेजात जाणार होती.

म्हणून यंदा मी हट्टाला पेटले. फेब्रुवारीतच इरफानला सांगून टाकलं, "या रजेतले पहिले दहा दिवस आपल्या तिघांचे. गाव नंतर. आणि अशा ठिकाणी जायचं जिथे आपल्याला कुणीही ओळखत नाही." डोंगर मी निवडले. समुद्र आम्ही जन्मापासून बघतोय. उत्तराखंडातल्या मुन्सियारीचं नाव आमच्या ऑफिसच्या एका ड्रायव्हरकडून ऐकलं होतं. तो तिकडे सिमेंट घेऊन गेला होता आणि परत आल्यावर आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हता.

अम्मींना सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. फोनवर त्या म्हणाल्या, "डोंगर बघाया येवढ्या लांब? म्हसळ्याला डोंगर नाय हाय? लोकांना मी काय सांगू, पोरगा आला नि घरी न येता डोंगरावर गेला?"

"अम्मी, सनासाठी जातोय."

"सनाला काय झालाय?"

काही झालेलं नाही हेच तर झालंय, असं मला म्हणायचं होतं, पण फोनवर ते सांगता येईना. "तिला बर्फ बघायचाय," असं खोटंच सांगून मी मोकळी झाले.

इरफानने मात्र प्लॅन मनावर घेतला. त्याचं कामच ते. रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा कुठलं काम किती तासांत संपलं पाहिजे याचा तक्ता तो बनवतो. आमच्या सहलीचाही तसाच रंगीत तक्ता आला. काठगोदामला, डोंगराच्या पायथ्याच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, दोन तासांत अल्मोडा. दुसऱ्या दिवशी अल्मोड्याहून मुन्सियारी, दोनशे किलोमीटर, साडेचार तास, त्यात जेवण धरून. मी म्हटलं, "इरफान, आमच्याकडे घाटाच्या ट्रिपला दुप्पट तास धरतात."

"ते ट्रक असतात गं. आपण काय लोखंड घेऊन चाललोय?" तो हसला. "घरातून निघून आपण पुण्याला किती वेळात पोचतो सांग."

आता आमच्या घरातून निघालं की कळंबोलीला एक्स्प्रेसवे लागतो आणि चहा प्यायची इच्छा होईपर्यंत लोणावळा आलेलं असतं. आमच्या भागातल्या सगळ्यांचं हे होतं. किलोमीटर ऐकले की आम्ही एक्स्प्रेसवेच्या हिशेबानेच वेळ सांगतो. त्याला वर्षातून एकदा मिळणारा तो प्लॅन करण्याचा आनंद होता, म्हणून मी पुढे वाद घातला नाही.

तर निघालो. घराजवळ नवा विमानतळ झालाय, पण आमची तिकिटं जुन्याच विमानतळावरून होती, त्यामुळे पहाटे टॅक्सी करून तुर्भ्याच्या ट्रकांच्या रांगांतून वाट काढत मुंबई गाठली. दिल्लीत विमानाबाहेर पाऊल टाकलं तर भट्टी. सना आणि मी रुमालाने तोंड पुसतोय आणि इरफान मजेत, "हे गरम? हे तर आमच्याकडे मार्चमध्ये असतं." दिल्लीत एक मुक्काम आणि सकाळची शताब्दी धरून दुपारपर्यंत काठगोदाम, हा भाग प्लॅनप्रमाणे झाला. तुम्ही जाणार असाल तर ट्रेनची तिकिटं आधी काढा, मेमध्ये मिळत नाहीत. गाडी काठगोदामहून पूर्ण सहलीसाठी ठरवली होती. दिवसाला साडेतीन-चार हजार पडतात, ड्रायव्हरचं राहणं-खाणं त्यातच.

आमचा ड्रायव्हर दीवानसिंग. शांत, बारीक अंगाचा माणूस. त्याला काहीही विचारलं की उत्तर एकच, "बस सर, सामने ही है." आणि ते खरंही असतं. गाव समोरच्या डोंगरावर दिसत असतं, मध्ये फक्त एक दरी असते, आणि तिला वळसा घालायला दीड तास लागतो. त्यात भवालीच्या पुढे उन्हाळी पर्यटकांची अशी कोंडी की आपल्याकडची शनिवारची खंडाळ्याची रांग बरी. दोन तासांचं अल्मोडा पाच तासांनी आलं. इरफान मोबाइलवर तक्ता उघडून बसला होता. "हरकत नाही, उद्या सकाळी लवकर निघून भरून काढू," तो म्हणाला.

अल्मोडा मला आवडलं. उतारावरचा दगडी फरसबंदीचा बाजार, लाकडी कोरीव काम असलेली जुनी दुकानं आणि बालमिठाई, म्हणजे खव्याची तपकिरी वडी, तिला साखरेचे बारीक दाणे लावलेले. इरफानने सनासाठी अर्धा किलो घेतली. तिला खवा आवडत नाही. लहानपणी आवडायचा, सात-आठ वर्षांची असताना. तिने दोन तुकडे खाल्ले, "यम्मी अब्बा," म्हणाली आणि मागे येऊन मला हळूच म्हणाली, "मम्मी, पाणी."

दुसरा दिवस म्हणजे या सहलीचा खरा दिवस. सकाळी सहाला निघालो. चीडाची, म्हणजे पाइनची झाडं, खाली दऱ्या आणि सगळीकडे धुरकट हवा. मेमध्ये तिकडे जंगलांना वणवे लागतात, आणि पाऊस पडेपर्यंत धूर दऱ्यांत साचून राहतो. हे मला कुठल्याच ब्लॉगवर वाचायला मिळालं नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय. बर्फाची शिखरं बघायचीच असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. मेमध्ये गेलात तर नशिबाचा भाग.

बागेश्वरला नदीकाठी नाश्ता केला, आलूचे गुटके, म्हणजे बटाट्याची सुकी भाजी, आणि रायता. रायत्यात मोहरी अशी की नाकातून वाफ निघते. तिथून पुढे चढ आणि वळणं सुरू झाली. एक वळण संपून गाडी सरळ व्हायच्या आत दुसरं. सना मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. तिचा चेहरा पांढरा पडत चाललेला मी पाहिला. तिने माझी ओढणी धरली. मी म्हटलं, "इरफान, जरा थांबूया."

"अजून अर्धा तास. आत्ता थांबलो तर मुन्सियारीला उशीर होईल." मग त्याने तिच्याकडे वळून अगदी प्रेमाने विचारलं, "सना, तू ठीक आहेस ना?"

आणि माझ्या मुलीने, ओठ घट्ट मिटून, मान हलवली. हो.

पुढच्या वळणावर तिला उलटी झाली. स्वतःच्या कपड्यांवर, सीटवर आणि शेजारी बसलेल्या बापाच्या नव्या पांढऱ्या बुटांवर. दीवानसिंगने गाडी कडेला घेतली. मी तिला खाली उतरवलं, पाठीवरून हात फिरवत होते. ती रडत एकच म्हणत होती, "सॉरी अब्बा. सॉरी. तुमचे शूज. सॉरी."

इरफान पाण्याची बाटली हातात घेऊन उभा होता. बुटांकडे त्याचं लक्षही नव्हतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ही मला सॉरी का म्हणतेय?"

मी त्याच्या हातातली बाटली घेऊन सनाचं तोंड धुतलं.

"मी विचारलं होतं ना तिला? तिने सांगितलं का नाही मला?"

"तुला कटकट नको म्हणून," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मला राग आला होता, पण त्याचा चेहरा बघून तो तिथेच उतरला. पस्तीस माणसांना कामं वाटून देणारा माणूस रस्त्याच्या कडेला चीडाच्या झाडाखाली उभा होता आणि त्याला कळत नव्हतं की आता काय करायचं.

मग त्याने मोबाइल खिशात टाकला आणि दीवानसिंगला विचारलं, जवळ राहायला कुठे मिळेल. "चौकोड़ी है सर. बस, सामने ही है." या वेळी ते खरंच समोर होतं. मुन्सियारीच्या हॉटेलची पहिली रात्र वाया गेली, जाऊ दे.

चौकोडी हे चहाच्या जुन्या मळ्यांचं लहानसं गाव. आम्ही एका घरात उतरलो. खालच्या मजल्यावर घरमालकीण कमलादीदी आणि तिची माणसं, वर दोन खोल्या पाहुण्यांना. दोन वेळचं जेवण धरून खोलीचे दोन हजार. सना झोपली. मी तिचे कपडे धुवायला निघाले तर इरफानने बादली माझ्या हातातून घेतली. अंगणातल्या नळावर बसून त्याने ते कपडे आणि आपले बूट धुतले. कमलादीदी ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "भाई साहब को आदत है." इरफान हसला. "वहाँ अकेला रहता हूँ, दीदी. सब खुद ही करता हूँ." एवढ्या वर्षांत मी त्याला घरी कपडे धुताना पाहिलं नव्हतं. घरी आम्ही त्याला उठूच देत नाही.

एक रात्र राहू म्हणून थांबलो ते तीन रात्री राहिलो. सनाचं पोट दुसऱ्या दिवशीही नीट नव्हतं, आणि शिखरं धुरात गडप, त्यामुळे पुढे पळायची घाईही उरली नाही. बघण्यासारखं असं तिथे काही नव्हतं. कमलादीदीच्या चुलीवर मडुव्याच्या भाकऱ्या व्हायच्या. मडुवा म्हणजे आपली नाचणीच, रंग बघूनच मी ओळखली. सोबत भट्टाची चुडकानी, काळ्या सोयाबीनची दाट आमटी. आम्ही मासे-मटण खाणारी माणसं, पण तीन दिवस कुणाला आठवणही झाली नाही. मुलं टोपलीत काफळं विकायला यायची, लाल, आंबटगोड, आत बी मोठी आणि गर नावाला. संध्याकाळी थंडी पडली की चुलीपाशी बसायचं. इरफान नमाजाच्या वेळी मोबाइलमध्ये दिशा बघून मळ्याच्या कडेला जायचा, कमलादीदीचा कुत्रा त्याच्यामागे जाऊन गुपचूप बसायचा आणि त्याच्याबरोबर परत यायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पत्ते काढले. झब्बू. इरफान मुद्दाम चुकीची पानं टाकून हरत होता, सनाला बरं वाटावं म्हणून. दोन डाव तिने चालवून घेतलं. तिसऱ्या डावात ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मी, अब्बांना सांग ना, नीट खेळा म्हणून."

"ते समोरच बसलेत. तूच सांग."

ती लाल झाली. पत्त्यांकडे बघत म्हणाली, "अब्बा, तुम्ही मुद्दाम हरताय. मी काय केजीत आहे का?"

इरफानने पत्ते गोळा करून नव्याने पिसले. मग म्हणाला, "बरं. आता बघच." आणि पुढचे चार डाव त्याने तिला एकसारखे झब्बू दिले, पानांचा भारा तिच्या हातात मावेना. ती चिडली, "ही चीटिंग आहे," म्हणाली, पत्ते टाकून कमलादीदीकडे काफळं निवडायला निघून गेली. इरफान घाबरून मला विचारतो, "रुसली का गं?"

"रुसली," मी म्हटलं. मला हसू आवरेना.

त्याच संध्याकाळी व्हरांड्यात त्याने मला एक गोष्ट सांगितली. कंपनीने पुढच्या दोन वर्षांचं काँट्रॅक्ट समोर ठेवलं होतं. हे शेवटचं वर्ष, मग घरी यायचं, असं आमचं ठरलं होतं आणि सनालाही ते माहीत होतं. पण इथे त्याच्या कामाची नोकरी शोधून झाली होती, मनासारखी मिळत नव्हती, आणि घराचे हप्ते अजून चालू होते. आम्ही बराच वेळ बोललो. मी त्याला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही, कारण दोन्हींचा अर्थ मला चांगला माहीत आहे. शेवटी तो म्हणाला, "सनाला तू सांग. तुझं ऐकते ती."

"नाही. तू सांगायचं."

"इथे नको. घरी गेल्यावर सांगतो."

चौथ्या दिवशी मुन्सियारी. थलच्या पुढचा रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी डोंगर कोसळून नुसता मुरूम. वाटेत बिर्थीचा धबधबा लागतो, तिथे थांबा, चहा बरा मिळतो. या वेळी आम्ही दर तासाला थांबत होतो आणि सना पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, तोंडात आवळासुपारी. कालामुनीची खिंड ओलांडली की खाली मुन्सियारी दिसतं. पोचायला संध्याकाळ झाली. समोर पंचाचुलीची पाच शिखरं असायला हवी होती. समोर राखाडी आभाळ होतं.

दुसऱ्या दिवशी खलिया टॉपच्या, म्हणजे गावावरच्या डोंगरमाथ्याच्या वाटेने निघालो. पूर्ण चढ आमच्याने झाला नाही. इरफानचं वजन वाढलंय आणि कुवेतमध्ये तो लिफ्टशिवाय कुठे चढत नाही. सना पुढे जायची, मागे वळून "अब्बा, या ना!" म्हणून ओरडायची, आणि हा कमरेवर हात ठेवून झाडाला टेकायचा. अर्ध्या वाटेवर बुरांशच्या, म्हणजे तिकडच्या लाल फुलांच्या झाडांखाली बसून आम्ही पराठे खाल्ले. सना त्याला शाळेतल्या दोन मैत्रिणींचं भांडण सांगत होती. मला ते आधीच माहीत होतं. मी लक्ष नसल्यासारखं करून पराठा खात होते, पण एकेक शब्द ऐकत होते.

त्या रात्री पाऊस झाला. निघायच्या दिवशी सकाळी मी चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि तिथेच उभी राहिले. पाचही शिखरं समोर होती, धुऊन काढल्यासारखी पांढरी, आणि उजव्या बाजूच्या दोन्हींवर नुकतं ऊन आलेलं. एवढी जवळ असतील असं मला वाटलंच नव्हतं. मी आत हाक मारली, "अरे बाहेर या, लवकर!" आतून कुणी आलं नाही. खोलीत बाप-लेकीचं वाजलं होतं. सनाला पुढची सीट हवी होती आणि इरफान म्हणत होता, उताराला तू मागे बस, पुढे जास्त भोवळ येते. ती म्हणत होती, "तुम्हाला काय माहिती? उलटी मला होते की तुम्हाला?" तो म्हणत होता, "माझ्या बुटांना विचार." मग ती हसली आणि हसता हसता परत भांडायला लागली.

मी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. पायरीवर बसून चहा संपवला. थोड्याच वेळात ढग आले आणि सगळं झाकलं गेलं. त्या दोघांनी पंचाचुली माझ्या फोनमधल्या फोटोतच पाहिली.

परतीचा रस्ता तोच, फक्त दोन दिवसांत उतरलो. चौकोडीला कमलादीदीला भेटलो. तिने किलोभर मुन्सियारीचा राजमा बांधून दिला आणि पैसे घेतले नाहीत. हापूस न आणल्याची मला फार लाज वाटली. तुम्ही जाल तेव्हा पेटी घेऊन जा. तिकडे आंबा मिळतो, पण आपला मिळत नाही.

घरी येऊन दुसऱ्याच दिवशी गावी. अम्मी दारातच उभ्या होत्या. "झाला डोंगर बघून?" मग पंधरा दिवस पुन्हा तेच, सलाम, बिर्याणी, दोन लग्नं. उशिरा आल्याबद्दल दोन घरांनी टोमणे मारले आणि एका चुलत्यांनी जेवायला बोलावलंच नाही. अम्मींना ते लागलं. मी त्यांना खरं कारण सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "माजा नवरा बी दुबईला होता. तेव्हा असा कोनी केला नाय." मला त्याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही.

ही सहल करावी का, असं मला ऑफिसात विचारतात. करावी. पण प्लॅन निम्मा करा, आणि मुलं गाडीत "ठीक आहे" म्हणाली तरी गाडी थांबवा. माझ्याकडे त्या दहा दिवसांतलं काय राहिलं ते सांगायला मात्र मला नावड्याच्या घरातली एक दुपार सांगावी लागेल. इरफानने सही केली. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी गोड शेवटाची वाट बघत बसू नये. दोन वर्षांची केली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गेला.

जायच्या दोन दिवस आधी, दुपारी जेवणं झाल्यावर त्याने सनाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मी भांडी आवरत होते. तो सांगून थांबला तेव्हा मी मनात म्हटलं, आता ती 'ओके अब्बा' म्हणणार.

"मग आलात कशाला?" सना म्हणाली.

"सना, बेटा..."

"तुम्ही म्हणाला होता लास्ट इयर! तुम्ही प्रॉमिस केलं होतं! दरवेळी येता, सगळ्यांना गिफ्ट देता आणि जाता. आला नसतात तर बरं झालं असतं!" तिचा आवाज असा चढला की खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. ती खोलीत गेली आणि दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

इरफान उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. डोळे भरलेले. "तू जरा बोल ना तिच्याशी."

एवढी वर्षं मीच बोलत आले होते. याचं तिला सांगायचं, तिचं याला सांगायचं, मधलं टोचणारं काढून टाकायचं. माझे हात ओले होते, आणि जाऊन तिला जवळ घ्यावंसं मला किती वाटत होतं ते मलाच ठाऊक. "मी नाही," मी म्हटलं. "ती तुझ्यावर चिडली आहे."

तो गेला आणि सनाच्या दाराबाहेर लादीवर बसला. दोनदा टकटक केलं. आतून आवाज आला, "जा तुम्ही!"

"सना, तू म्हणालीस ते सगळं खरं आहे," तो म्हणाला. "मी प्रॉमिस मोडलं. आता दार उघड आणि अजून जे बोलायचंय ते माझ्या तोंडावर बोल."

मी नळ बंद करून ऐकत उभी होते. मग कडी निघाली, दार उघडलं, आणि ती पुन्हा त्याच्यावर ओरडायला लागली. मी स्वयंपाकघरातच थांबले.